नरसिंह बिडवे आणि धुराचा काटा

नरसिंह बिडवेच्या पिकअपमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला थोड्याच वेळात घाम फुटतो. कारण हा गडी एकदा रस्त्याकडे बघतो आणि एकदा स्टिअरिंगच्या शेजारी, काचेच्या कोपऱ्यात बसवलेल्या गोल डबीकडे. रस्ता, डबी. डबी, रस्ता. समोर ट्रक येवो, म्हैस येवो नाहीतर पोलीस येवो, डबीवर एक नजर टाकल्याशिवाय त्याचा पुढचा गिअर पडत नाही. विचारलंत तर हरखून सांगतो, "धुराचा काटा आहे तो!" आणि मग उतरेपर्यंत तुमची सुटका नाही.

त्याच्या तोंडून ऐकायचं तर दिवस मावळेल, म्हणून आपणच थोडक्यात समजून घेऊ. इंजिनात डिझेल जळतं, त्याचा धूर बाहेर पडतो. तो धूर आतून निघताना किती तापलेला आहे, ते ही डबी सांगते. गाडी रमतगमत चालली असेल तर काटा चारशे अंशांच्या आसपास डुलतो. ओझं वाढलं, चढ लागला, पाय जोरात दाबला की काटा चढायला लागतो. सातशेच्या पुढे तांबडी पट्टी. तिथे फार वेळ रेंगाळलात की इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची पाती करपतात, पिस्टन मऊ पडतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. सगळ्या गाड्यांत असतो तो पाण्याचा काटा. पण पाणी तापल्याचं कळेपर्यंत धुरानं आपलं काम उरकलेलं असतं.

हे सगळं नरसिंह पुस्तकात शिकला नाही, चटका बसून शिकला. मूळचा लातूरकडच्या औशाचा. दिल्लीत आला तो कलेक्टर व्हायला. राजेंद्रनगरातल्या एका खोलीत तीन पोरं, भिंतीभर नकाशे, आणि गावाकडे वडिलांनी "आमचा नरसिंह साहेब होणार" म्हणून आधीच वाटून टाकलेले पेढे. साहेब काही झाला नाही. सगळे प्रयत्न संपले. तोवर लग्न झालं होतं. घर चालवायला गाडी घेतली आणि गाझियाबादला राहून सामान वाहायला लागला. बदली झालेल्या मराठी कुटुंबांचे संसार, खोली बदलणाऱ्या पोरांची पुस्तकं, जे मिळेल ते.

गेल्या वर्षी त्याच्याच जुन्या खोलीतला साकेत परीक्षा पास झाला आणि ट्रेनिंगसाठी मसुरीला निघाला. एका हॉटेलचं फर्निचर तिकडेच पोचवायचं होतं, त्यावर नरसिंहानं साकेतचे खोकेही चढवले. "तुझं सामान माझ्याच गाडीतून जाणार!" म्हणून हट्टच धरला. आणि मसुरीच्या चढावर, भर वळणात, इंजिन मेलं. पिस्टन वितळला होता. साकेत दुसरी गाडी करून पुढे गेला, जाताना मिठी मारून गेला, आणि नरसिंह आपल्या मेलेल्या गाडीपाशी दरीकडे तोंड करून बसून राहिला. पोरगं पार खचलं होतं बघा. नवं इंजिन बसवताना त्यानं गाझियाबादच्या अंकुर मिस्त्रीला सांगितलं, "आता मला आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. बस्स." कश्मीरी गेटच्या बाजारात हिंडून तो काटा घेऊन आला, अंकुरनं भोक पाडून धुराच्या तोंडाशी त्याची सळई बसवली, आणि त्या दिवसापासून हा माणूस काट्याचा भक्त झाला.

"नवसानं झालेल्या पोराकडे बघावं तसं बघता तुम्ही त्या काट्याकडं," प्रणिता म्हणते. प्रणिता म्हणजे बायको. आणि ही सगळी हकीकत खरी तिचीच.

प्रणिता लातूरला कॉलेजात असताना नाटकात काम करायची. हौस नव्हे, वेड. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा नवरा परीक्षेत बुडालेला. हिनं लाजपतनगरच्या एका ऑफिसात नोकरी धरली, डबे केले, आणि नाटकाचं नाव काढलं नाही. त्यानंही विचारलं नाही. सुधाकरराव राजवाडे यांच्या नाट्यमंडळात तिला बॅकस्टेजला घेतलं तेव्हाही ती म्हणाली, "कपडे सांभाळीन मी, तेवढं पुरे." मग नायिकेचं काम करणाऱ्या सुखदाताईंची एकांकिका स्पर्धेच्या महिनाभर आधी बंगळूरला बदली झाली, आणि सगळं मंडळ डोक्याला हात लावून बसलं. तेव्हा कपड्यांच्या पेटीमागून ही बया उभी राहिली आणि अख्खी एकांकिका, सगळ्यांची वाक्यं धरून, तोंडपाठ म्हणून दाखवली! सुधाकररावांच्या हातातला चहा तसाच राहिला.

सुधाकरराव सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हयात काढलेले निवृत्त अधिकारी. ती क्वार्टरं पाडली तेव्हा आपल्या घराचं दार त्यांनी भंगारवाल्या कबाड्याकडून परत मिळवलं आणि त्या दारावर एकांकिका लिहिली. नवरा गेल्यावर क्वार्टर रिकामं करणारी एक बाई आणि तिचं दार. दार खरं, सागवानी, चौकटीसकट. तालमीत ते एकदा धाडकन आडवं झालं आणि मंडळातल्या विनयाबाई थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून नरसिंहानं त्याची जबाबदारी घेतली. वाळूच्या गोण्या भरल्या. एक नाही, दोन नाही, रेल्वे पुलाला पुरतील एवढ्या. "आता भूकंप झाला तरी दार हलणार नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

मे महिन्यातला रविवार. स्पर्धा गुडगावला. जेवणानंतरचा पहिला प्रयोग आपला, आणि पुकारा झाला तेव्हा मंचावर नेपथ्य उभं नसेल तर एकांकिका बाद, असा साधा सरळ नियम. म्हणजे गाडी पोचली तर प्रणिता मंचावर, नाही पोचली तर पुन्हा कपड्यांच्या पेटीशी. नरसिंहानं तालीम एकदाही पाहिली नव्हती, सदा रस्त्यावर. आज पहिल्या रांगेत बसून बघायचं, हे त्यानं घरात इतक्यांदा सांगितलं होतं की शेजारच्या सरदारजींनाही पाठ झालं होतं.

सकाळी गाडी निघताना काय थाट म्हणता! दार चौकटीसकट मागे उभं बांधलेलं, भोवती गोण्या, त्यावर पडदे नि पेटी. प्रणितानं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सुधाकररावांनी मंडळाचं नाव छापलेला फ्लेक्स आणला होता. "गाडीच्या तोंडावर लागला पाहिजे. गुडगावात शिरताना कळलं पाहिजे कोण येतंय ते!" नरसिंह तर हरखलेलाच. फडफडू नये म्हणून त्यानं फ्लेक्सची दुहेरी घडी घातली आणि या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत दोरीनं असा तंग आवळला की सुरकुती नाही. त्यावर झेंडूचा हा एवढा जाड हार. सुधाकररावांनी मोबाइलवर फोटो काढले. बाकीची मंडळी मेट्रोनं निघाली, आणि हे तिघं पिकअपच्या पुढच्या सीटवर. खिडकीशी सुधाकरराव, मध्ये प्रणिता, चाकावर नरसिंह.

दिवसा मालाच्या गाडीला दिल्लीतून जायची चोरी. म्हणून बाहेरच्या एक्सप्रेसवेनं दिल्लीला वळसा घालायचा, पलवलपर्यंत खाली आणि तिथून पश्चिमेला वळून गुडगाव. लांबचा रस्ता, पण मोकळा. प्रणिता ओठातल्या ओठात वाक्यं म्हणत होती. सुधाकरराव मध्येच "इथे जरा थांबायचं हां, श्वास घ्यायचा" म्हणत होते. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि काटा चढला.

चारशे नाही, पाचशे नाही, सहाशे ओलांडून काटा पुढे सरकत होता. सपाट रस्ता, चढाचा पत्ता नाही, आणि हा तांबड्या पट्टीला जाऊन टेकायला बघतोय! नरसिंहानं पाय हलका केला, काटा जरा उतरला. पुन्हा वेग धरला, पुन्हा चढला.

"काय झालं?" प्रणितानं विचारलं. वाक्य अर्धं सोडून ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही. तू म्हण तुझं."

"खोटं बोलू नका. कान लाल झालेत तुमचे."

त्यानं एसी बंद केला. मे महिना, दुपार व्हायला आलेली, खिडकीतून आत येणारी हवा अशी की पापड भाजून निघावा. सुधाकररावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "अरे नरसिंह, हे काय?"

"सर, एसीचं ओझं इंजिनावर पडतं. तेवढं कमी." मग त्यानं गिअर एक खाली टाकला. इंजिन गुरगुरायला लागलं. "आता इंजिन भराभर फिरतंय, म्हणजे हवा जास्त ओढतंय. हवा जास्त, डिझेल बेताचं, की धूर थंड. टेन्शन नका घेऊ, बिल्कुल नका घेऊ." असं म्हणताना त्याचा स्वत:चाच आवाज चिरकला.

काटा थोडा खाली आला आणि तिथेच हट्टानं बसला. वेग मात्र गेला. शेजारून ट्रकवाले भोंगे वाजवत पुढे जायला लागले, एक ट्रॅक्टरसुद्धा गेला, त्यावर बसलेल्या बाया यांच्या हाराकडे बघून खिदळत गेल्या. या वेगानं गेलो तर पुकारा चुकतो, हे तिघांनाही कळत होतं.

पलवलला वळून गाडीनं पश्चिमेला तोंड केलं, आणि समोरून लू आली. दिल्लीची लू म्हणजे काय चीज आहे ते ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत. गरम वारा थेट तोंडावर, आणि मागे ते उभं दार शिडासारखं वाऱ्याला अडलेलं. काटा सरळ तांबड्यात शिरला.

"अहो, जाऊ द्या ना तशीच! थोडा वेळच तर आहे," प्रणिता म्हणाली.

"थोड्या वेळातच जातं इंजिन. मसुरीला असंच 'थोडं राहिलंय' म्हणत होतो मी."

"तुमचं इंजिन, तुमचा काटा!" ती एकदम उसळली. "इतकी वर्षं मी थांबले. आज एक दिवस तुमची गाडी थांबू नये म्हटलं तर काय चुकलं माझं?"

खरं होतं ते. सुधाकरराव बिचारे खिडकीबाहेर बघायला लागले. नरसिंहानं इंडिकेटर टाकला आणि समोर दिसलेल्या पेट्रोल पंपावर गाडी घेतली. इंजिन बंद केलं नाही, नुसतं गुरगुरत ठेवलं, तापलेला टर्बो एकदम बंद केला की आतलं तेल जळतं म्हणून. मग खाली उतरून तो गाडीच्या मागच्या अंगाला गेला आणि गोण्यांकडे बघत उभा राहिला.

"ओझं," तो म्हणाला. "ओझं आणि वारा. दुसरं काय असणार? गोण्या उतरवू. जागा झाली की दार आडवं निजवता येईल, वारा अडणार नाही."

"आणि तिथे दार उभं कशावर करायचं?" प्रणितानं विचारलं.

"अगं, एवढं मोठं सभागृह आहे," सुधाकरराव पुढे सरसावले. "त्यांच्याकडे लोखंडी वजनं असतातच. मी बोलतो तिथे. तू चिंता करू नकोस, बाळा."

झालं! पंपावरच्या पोराला "भैया, शाम को उठा लेंगे" म्हणून विनवलं आणि तिघं गोण्या उतरवायला लागले. सत्तरीला आलेले सुधाकररावसुद्धा, शर्टाच्या बाह्या सारून. प्रणितानं साडीचा पदर खोचला आणि नवऱ्याच्या बरोबरीनं गोण्या ओढल्या. भांडण तिथेच वाळूत मिटलं. दार आडवं निजवलं, पडदे त्यावर अंथरले, आणि गाडी पुन्हा सुटली. हलकी झाली होती, चाल बदललेली लगेच कळत होती.

"उतरला का?" प्रणिता.

"उतरतोय... उतरतोय..." नरसिंह डोळे फाडून बघत होता. काटा खरंच तांबड्यातून बाहेर आला. सुधाकररावांनी "शाब्बास!" म्हणून त्याच्या मांडीवर थाप मारली. आणि थोडं अंतर गेलं नाही तोच काटा पुन्हा वर. आता पाण्याचा काटासुद्धा मध्यावरून हलला होता.

"आता काय उतरवू?" नरसिंह कळवळून म्हणाला. "तुम्हाला दोघांना उतरवू?"

वेळ हातातून निसटत होता. सुधाकररावांनी, माणूस अगदीच हताश झाला की करतो तेच केलं, मोबाइल काढला. मंडळाच्या ग्रुपवर मेट्रोवाले विचारत होते, कुठवर आलात. काय लिहावं ते कळेना, म्हणून त्यांनी सकाळचा फोटो टाकला. टाकताना प्रणितानं वाकून बघितलं.

"छान आलाय," ती ओढून ताणून म्हणाली. "फक्त आपल्या गाडीचं तोंडच दिसेना. नुसतं मंडळाचं नाव नि झेंडू. नाकडोळे सगळे झाकून टाकलेत बाईचे."

नरसिंहानं ब्रेक मारला.

म्हणजे एकदम नव्हे, कडेला घेऊन मारला, पण असा मारला की सुधाकररावांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. दार उघडून तो खाली उडी टाकून पुढे पळाला. प्रणिता मागोमाग. गाडीसमोर उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी स्वत:च्या थोबाडीत मारून घेतली.

"अरे, मी गाढव! मी महागाढव!"

"काय झालं, सांगाल का?"

"अगं, इथूनच तर हवा जाते आत! पाणी थंड करणारी जाळी इथे, आणि तिच्यापुढे ही दुसरी, टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करून इंजिनाला देणारी. आणि मी काय केलं? दुहेरी घडी! तंग! सुरकुती नाही! वर हार! गाडी सकाळपासून तोंड बांधून पळतीय, आणि मी तिला विचारतोय की बाई, तू तापलीस का!"

प्रणितानं फ्लेक्सकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि कंबरेवर हात ठेवून ती अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळी दिल्ली फिरून आलात, आणि त्या काट्याकडं बघायलाव बघायलाव, समोर काय बांधलंय ते बघितलंच नाही!"

"हसू नकोस, गाठ सोड!"

गाठी सुटेनात. आवळल्याच अशा होत्या. सुधाकररावांकडे सुपारी कातरायचा छोटा चाकू निघाला, त्यानं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स गुंडाळून मागे टाकला. हार प्रणितानं उचलला आणि दाराभोवती घातला. जाळीमध्ये अडकलेल्या पाकळ्या नरसिंहानं बोटांनी एकेक उपसून काढल्या, हातांना चटके बसत होते तरी.

गाडी सुटली. तिघंही आता डबीकडेच बघत होते, देवळात आरतीला बघावं तसे. वेग वाढला. काटा साडेसहाशेवर. मग सहाशे. मग, अहो काय सांगू, साडेपाचशे! लू तशीच समोरून भाजत होती, पण गाडीनं पोटभर श्वास घेतला होता.

"पाचशे!" सुधाकरराव ओरडले. आयुष्यभर फायलींवर सही करताना ज्यांनी आवाज चढवला नव्हता, ते सीटवर उड्या मारत ओरडत होते. "पाचशेच्या खाली आला, बघ! दाब, नरसिंह, दाब!"

आणि नरसिंहानं दाबलं. ट्रॅक्टर मागे टाकला, भोंगेवाले ट्रक मागे टाकले. एसी लावला. प्रणितानं पहिल्यापासून वाक्यं म्हणायला घेतली, यावेळी ओठातल्या ओठात नाही, मोठ्यानं, खणखणीत, आणि सुधाकरराव दुसऱ्या सगळ्या पात्रांची वाक्यं टाकत गेले. वाळूच्या गोण्या आठवल्या त्या गुडगावच्या अलीकडचं मानेसर दिसायला लागलं तेव्हा.

"त्या उगाचच उतरवल्या की हो," प्रणिता म्हणाली. परत जायला वेळ उरला नव्हता.

सभागृहाच्या मागच्या दारी गाडी लागली तेव्हा आत शेवटचा घास खाऊन लोक हात धूत होते. मेट्रोवाली मंडळी धावत आली. नरसिंहानं इंजिन तसंच चालू ठेवलं, "काटा खाली येईपर्यंत कुणी किल्लीला हात लावायचा नाही," म्हणून ओरडला आणि दाराला खांदा लावला. पडदे, पेटी, चौकट, सगळं वर गेलं. सुधाकरराव व्यवस्थापकाला शोधून आले ते मान खाली घालूनच.

"वजनं आहेत. पण काल कुठल्या तरी कार्यक्रमाला बाहेर गेली, ती आलीच नाहीत."

दार मंचाच्या मध्यावर उभं करून बघितलं. हात सोडला की डुलत होतं. सागवानी लाकूड, विनयाबाई दोन पावलं मागेच सरकल्या. दोरीनं बांधायला वर काही नव्हतं, खिळे ठोकायची परवानगी नव्हती. माईकवर पुकारा झाला. प्रणिता साडीच्या निऱ्या सारख्या करत विंगेत उभी होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

नरसिंहानं सभागृहाकडे एकदा बघितलं. पहिल्या रांगेत त्याच्यासाठी मेट्रोवाल्यांनी रुमाल टाकून जागा धरली होती. मग तो दारामागे गेला, दार उघडलं तरी दिसणार नाही असा एका बाजूला पाय फाकवून उभा राहिला, दोन्ही तळहात चौकटीला लावले, आणि म्हणाला, "पडदा उघडा."

"अहो, पण तुम्ही बघणार होता ना..." प्रणिता म्हणाली.

"जा गं. सोडत नाही मी."

पडदा उघडला. नरसिंहाला दिसत होती दाराची मागची बाजू. सरकारी हिरव्या रंगाचे जुने पापुद्रे, एका जागी बिजागरीचा गंज. बाकी नुसतं ऐकायचं. आणि त्यानं ऐकलं. स्वयंपाकघरात भाताची शिटी होईपर्यंत पुटपुटलेली तीच वाक्यं, पण ही कुठली बाई बोलतेय? हा आवाज तिनं घरात कुठे लपवून ठेवला होता इतकी वर्षं? एका वाक्याला सभागृह खदखदून हसलं, त्याच्या पुढच्याच वाक्याला असं गप्प झालं की पंख्याची घरघर ऐकू आली. त्याचे दंड भरून आले. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नव्हता. एकदा ती दाराला पाठ टेकून खाली बसली, तिचा सगळा भार त्याच्या तळहातांवर आला, आणि त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला. दार हललं नाही.

मग कडी वाजली. दार उघडलं, आणि हातात पिशवी घेऊन ती बाई बाहेर आली, म्हणजे त्याच्याकडे. सभागृहाला आता तिची पाठच दिसत होती. तिनं मागे हात नेऊन दार हळूच ओढून घेतलं. दिवे गेले.

अंधारात काही क्षण काहीच झालं नाही. ती त्याच्यासमोर उभी होती, इतकी जवळ, की तिच्या गालावरून ओघळणारं पाणी विंगेतल्या मिणमिणत्या दिव्यात त्याला स्पष्ट दिसलं. रडत होती आणि हसतही होती. असा चेहरा त्यानं तिचा लग्नातही पाहिला नव्हता. समोरच्या सगळ्या माणसांत कुणालाच तो दिसला नाही, एकट्या त्याला दिसला.

आणि मग टाळ्या. अशा टाळ्या की दाराची चौकट त्याच्या हातात थरथरायला लागली. शिट्ट्या, "वन्स मोअर", कुणीतरी "औसा जिंदाबाद" ओरडलं, तो बहुधा मेट्रोवाला पुष्कर असावा. नरसिंह वेड्यासारखा हसत होता, नाक ओढत होता, आणि दोन्ही हात दाराला लावून तसाच उभा होता.

प्रणितानं पिशवी खाली ठेवली. त्याच्या शेजारी येऊन तिनं दाराला आपले दोन्ही तळहात लावले, पाय रोवले.

"सोडा," ती म्हणाली. "मी धरते. तुम्ही टाळ्या वाजवा."